पडदा दणकट हवा की साधा?

भर दुपारी क्रिकेटच्या मैदानावर उभे राहून मोबाइलवरचा मजकूर वाचण्याचा प्रयत्न तुम्ही केला असेल. घरात स्वच्छ दिसणारी अक्षरे तेथे जणू पुसून गेलेली असतात. मग तुम्ही हाताचा आडोसा धरता, नाहीतर सरळ झाडाखाली जाता, आणि काम भागते. आता असे समजा की तोच पडदा कोकणच्या किनाऱ्यावरील एखाद्या मच्छीमार नौकेच्या तांडेलापुढे बसवला आहे. पाण्याची खोली, नौकेची जागा आणि बंदराची दिशा त्याला त्या पडद्यावर वाचायची आहे. समोरून ऊन येते आहे, अंगावर खाऱ्या पाण्याचे तुषार उडत आहेत, खाली इंजिन धडधडत आहे. त्याला झाडाखाली जाता येत नाही. पडदा वाचता आला नाही तर नौका खडकावर जाऊ शकते.

अशा ठिकाणांसाठी बाजारात वेगळे, दणकट पडदे मिळतात. त्यांना औद्योगिक पडदे म्हणतात. आकार तोच, चित्र तेच. पण किंमत मात्र साध्या पडद्याच्या कित्येक पट! ही जादा किंमत कशाची? ती केव्हा मोजावी आणि केव्हा मोजू नये? या प्रश्नाचे उत्तर दुकानदारापेक्षा तुमचे विज्ञानाचे पुस्तक अधिक चांगले देऊ शकते. कसे ते पाहू.

उजेडाशी झुंज

पडद्याचे तेज ज्या एककात मोजतात त्याचे नाव कँडेला प्रति चौरस मीटर. बाजारात त्यालाच थोडक्यात ‘निट’ म्हणतात. घरी किंवा कार्यालयात वापरायच्या साध्या पडद्याचे तेज सामान्यतः २५० ते ३०० निट असते. उन्हात वाचण्यासाठी बनवलेल्या पडद्याचे तेज १,००० निट किंवा त्याहून अधिक असते. तेव्हा तेज वाढवले की काम झाले, असे तुम्हाला वाटेल. पण थोडे थांबा आणि हिशेब करा.

तुम्ही पांढरा सदरा घालून उन्हात पडद्यासमोर उभे आहात. तिरप्या उन्हात सदऱ्यावर ५०,००० लक्स प्रकाश पडतो आहे असे धरू. पांढरे कापड त्यातला सुमारे ८० टक्के प्रकाश चहूकडे विखरून टाकते. गणित केले तर सदऱ्याचे स्वतःचे तेज १२,००० निटच्या वर भरते! म्हणजे पडद्यापेक्षा तुमचा सदराच चाळीस पट तेजस्वी. हा सदरा पडद्याच्या काचेत प्रतिबिंबित होतो आणि ते प्रतिबिंब अक्षरांवर पसरते.

प्रतिबिंब किती तेजस्वी असते? काचेचा अपवर्तनांक सुमारे १·५ आहे. हवा आणि काच यांच्या सीमेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी ४ टक्के प्रकाश परत फिरतो. पडद्यापुढे संरक्षक काच लावलेली असेल आणि दोहोंमध्ये हवेची फट असेल, तर अशा सीमा तीन होतात : संरक्षक काचेची पुढची बाजू, तिची मागची बाजू आणि खुद्द पडद्याची पुढची बाजू. तीन चोक बारा, म्हणजे १२ टक्के परावर्तन. १२,००० निटचे १२ टक्के म्हणजे १,४४० निट. हे तेज पडद्याच्या पांढऱ्या भागात मिसळते तसेच काळ्या भागातही मिसळते. म्हणून ३०० निटच्या पडद्यावर पांढऱ्या भागाचे तेज १,७४० आणि काळ्या भागाचे १,४४० निट होते. पांढरा भाग काळ्याच्या जेमतेम १·२ पट! अक्षर दिसणार कसे?

आता तेज १,००० निट करा. पांढरा भाग २,४४०, काळा १,४४०, प्रमाण १·७. सुधारणा झाली, पण फार नाही. त्याऐवजी दुसरा उपाय करू. फटीतली हवा काढून तेथे काचेच्या अपवर्तनांकाशी जुळणारा पारदर्शक गोंद भरू. आतल्या दोन्ही सीमा जवळजवळ नाहीशा होतात आणि परावर्तन ४ टक्क्यांवर येते. काचेच्या पुढच्या बाजूवर परावर्तनरोधी लेपाचे पातळ थर दिले, तर ते १ टक्क्याच्या आसपास येते. या थरांच्या दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना मारक ठरतात. चष्म्याच्या व कॅमेऱ्याच्या भिंगांवरचा जांभळट लेप तो हाच. आता प्रतिबिंबाचे तेज केवळ १२० निट उरते. तोच ३०० निटचा पडदा घ्या : पांढरा भाग ४२०, काळा १२०, प्रमाण ३·५!

म्हणजे काय झाले ते ध्यानात घ्या. तेज तिपटीहून अधिक वाढवून जे साधले नाही, ते परावर्तन कमी करून साधले. आणि तेही विजेचा एक थेंब जास्त न खर्चता. दोन्ही उपाय एकत्र केले तर प्रमाण ९ च्या वर जाते. म्हणून उन्हासाठी पडदा घेताना ‘तेज किती’ एवढेच विचारणे पुरेसे नाही; ‘परावर्तन किती’ हेही विचारावे.

आणखी एक गंमत. अशा पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो. तांडेलाने डोळ्यांवर पोलरॉइडचा गॉगल चढवला असेल आणि पडद्याचा ध्रुवक त्याच्याशी काटकोनात असेल, तर पडदा त्याला पूर्ण काळा दिसेल! चांगल्या दणकट पडद्यांत याचाही विचार केलेला असतो.

उष्णता : आतली आणि बाहेरची

बहुतेक सपाट पडद्यांच्या पोटात द्रवस्फटिक असतात. १८८८ मध्ये प्राग येथे फ्रीड्रिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एका पदार्थाचे दोन वितळणबिंदू असल्याचे आढळले. १४५·५ अंश सेल्सिअसला तो वितळून गढूळ द्रव होई आणि १७८·५ अंशांना तो गढूळ द्रव एकदम स्वच्छ होई. या दोहोंमधली अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक. त्यातले रेणू द्रवाप्रमाणे सरकतात, पण शिस्तीत, एका दिशेला तोंड करून उभे असतात. विद्युत्क्षेत्र लावले की ते वळतात आणि प्रकाशाचे ध्रुवण बदलतात. दोन ध्रुवकांमध्ये त्यांचा पातळ थर ठेवून प्रकाशाचा नळ उघडता व बंद करता येतो.

या शिस्तीला तापमानाची मर्यादा आहे. इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी १९७३ च्या सुमारास नेहमीच्या तापमानाला टिकणारे द्रवस्फटिक तयार केले. त्यांतील एक प्रसिद्ध संयुग सुमारे २२·५ ते ३५ अंशांच्या दरम्यान या अवस्थेत राहते. तेवढ्यावर पडदा केला असता तर नागपुरात मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर गेला की, तो निकामीच झाला असता! म्हणून पडद्यात अनेक संयुगांचे मिश्रण भरतात. भारतातही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले.

मर्यादेपलीकडे तापमान गेले की रेणूंची शिस्त मोडते आणि पडद्यावर काळे डाग पसरतात. थंड झाल्यावर ते जातातही, पण तोवर माहिती दिसत नाही. उलट कडाक्याच्या थंडीत द्रव दाट होतो, रेणू सावकाश वळतात आणि हलत्या चित्राच्या मागे सावली रेंगाळते. साध्या पडद्यांना साधारणपणे ० ते ४० अंश तापमानात काम करण्याची हमी असते. औद्योगिक पडद्यांसाठी ती उणे २० ते ७० अंश, काहींच्या बाबतीत त्याहूनही अधिक असते.

४० अंश म्हणजे पुष्कळ झाले, असे म्हणू नका. स्वच्छ दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट सौरऊर्जा पडते. १५ इंची जुन्या चौकोनी धाटणीच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ०·०७ चौरस मीटर असते. म्हणजे त्यावर ७० वॅट ऊर्जा पडली. पडदा स्वतः जेवढी वीज घेतो त्याच्या कितीतरी पट ही उष्णता झाली, आणि ध्रुवक तिच्यापैकी बराच भाग शोषून घेतात. हवा ४० अंशांवर असताना पडद्याचा पृष्ठभाग सहज त्याच्या पुष्कळ वर जातो. अलीकडचे चांगले मोबाइल उन्हात आपले तेज हजार निटच्या वर नेतात खरे, पण तापले की तेज आपणहून उतरवतात, हे तुम्ही पाहिले असेल.

पाणी, धूळ आणि पेटीचा श्वास

धूळ आणि पाणी यांपासून संरक्षण किती, हे सांगणारे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची खूण ‘आय.पी.’ आणि पुढे दोन अंक. पहिला अंक ० ते ६, धुळीसाठी. दुसरा अंक ० पासून चढत जाणारा, पाण्यासाठी. ‘आय.पी. ६५’ म्हणजे धूळ मुळीच आत जाणार नाही आणि नळीने मारलेल्या पाण्याच्या फवाऱ्यानेही अपाय होणार नाही. ‘आय.पी. ६७’ म्हणजे धूळबंद, आणि अर्धा तास एक मीटर पाण्यात बुडवले तरी चालेल.

येथे एक खोच आहे. ६७ हा आकडा ६५ पेक्षा मोठा, म्हणून त्यात फवाऱ्याची परीक्षा आपोआप आलीच, असे नाही. बुडवण्याची परीक्षा वेगळी, फवाऱ्याची वेगळी. दोन्ही हव्या असतील तर दोन्ही खुणा मागाव्यात. शिवाय पुष्कळ पडद्यांची आय.पी. ६५ ही हमी फक्त पुढच्या बाजूची असते. मागची बाजू एखाद्या पेटीत बंद राहील असे गृहीत धरलेले असते.

‘पेटी पक्की बंद केली की झाले’ असे म्हणाल, तर वायूंचा नियम आठवा. उन्हात तापलेल्या बंद पेटीतील हवा ६० अंश सेल्सिअसला, म्हणजे ३३३ केल्व्हिनला आहे. एकाएकी वळवाचा पाऊस आला आणि ती २५ अंशांवर, म्हणजे २९८ केल्व्हिनवर उतरली. तापताना फुगलेली हवा थोडी बाहेर गेली असेल आणि सुरुवातीला आतला दाब बाहेरच्याइतकाच असेल, तर आता तो सुमारे साडेदहा टक्क्यांनी घटतो. वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. म्हणून ही घट एक मीटरभर पाण्याच्या दाबाइतकी झाली. पावसात उभी असलेली पेटी जणू एक मीटर पाण्याखाली बुडाली! रबराच्या कडेत केसाएवढी फट असली तरी पाणी आत ओढले जाते, आणि मग काचेच्या आतून दव धरते. म्हणून चांगल्या पेटीत एक बारीक झरोका ठेवून त्यावर विशिष्ट पडद्याची चकती बसवतात. तिच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा आत-बाहेर करते, पण पाण्याचे थेंब जाऊ शकत नाहीत. पेटीला श्वास घेऊ देणे, हाच ती कोरडी ठेवण्याचा मार्ग!

हिसके, हातमोजे आणि वीज

डिझेल इंजिनाजवळ प्रत्येक वस्तू थरथरत असते. त्या थरथरीची वारंवारता एखाद्या भागाच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली की अनुस्पंदन होते आणि तो भाग जोराने हलू लागतो. डाख दिलेले सांधे हळूहळू थकून तडकतात. साध्या पडद्याची जोडणी केवळ घर्षणाने अडकून राहिलेली असते, ती सैल होते. औद्योगिक पडद्यात जोडण्या स्क्रूने आवळलेल्या असतात. काचेवर आघात किती सोसेल यासाठीही मानक आहे. ‘आय.के. ०८’ म्हणजे ५ जूलचा आघात. १·७ किलोग्रॅमचे वजन ३० सेंटीमीटरवरून पडल्यावर मिळतो तेवढा.

स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यांचे मुख्य प्रकार दोन. मोबाइलचा पडदा तुमच्या बोटामुळे बदलणाऱ्या धारितेवर चालतो. जाड हातमोजा घातला तर त्याला बोट कळत नाही, आणि पाण्याचा थेंब पडला तर तो त्यालाच बोट समजण्याचा संभव असतो. दुसऱ्या प्रकारात दोन वाहक थर दाबाने एकमेकांना टेकतात. हा प्रकार हातमोज्याने, पेन्सिलीने, ओल्या बोटानेही चालतो. पण त्याचा वरचा थर प्लॅस्टिकचा असल्याने त्यावर ओरखडे पडतात. धारितेवर चालणारे काही औद्योगिक पडदे आता पातळ हातमोजे ओळखतात. येथेही ‘चांगला कोणता’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणाच्या हातात’ हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

लेबल कसे वाचावे?

‘लष्करी मानकानुसार तपासलेले’ अशी जाहिरात तुम्ही वाचली असेल. हे मानक बहुधा अमेरिकेच्या सैन्याचे ८१० क्रमांकाचे असते. त्यात तापमान, आर्द्रता, कंपने, पडणे इत्यादींच्या पुष्कळ परीक्षा आहेत. पण कोणत्या परीक्षा घ्यायच्या ते उत्पादकच ठरवतो. सुमारे १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा पाडण्याची प्रसिद्ध परीक्षाही पाच नमुन्यांत वाटून घेण्याची मुभा आहे. म्हणजे एकच नग २६ वेळा पडून टिकला, असा अर्थ काढता येत नाही. ‘कोणत्या परीक्षा झाल्या?’ हा प्रश्न विचारणे हाच येथे खरा शास्त्रीय दृष्टिकोन.

तसेच आयुष्याचे. पडद्याचे आयुष्य ३०,००० तास, असे लिहिलेले असते तेव्हा तेवढ्या तासांनी तो बंद पडतो असे नव्हे. त्याचे तेज निम्मे होते. रोज ६ तास वापरला तर ३०,००० तास व्हायला सुमारे साडेतेरा वर्षे लागतील. पण दिवसरात्र चालू ठेवला तर साडेतीन वर्षांतच मर्यादा येईल.

मग निवड कशी करावी?

आता एक हिशेब करू. यातले आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. साखर कारखान्यात उसाच्या गव्हाणीजवळ एक पडदा हवा आहे. तेथे चिपाडाचा भुसा, वाफ आणि चिकट रस. साधा पडदा ८,००० रुपयांचा आणि तो तेथे दीड वर्ष टिकतो. दणकट पडदा ४०,००० रुपयांचा आणि तो सहा वर्षे टिकतो. सहा वर्षांत साधे चार पडदे लागतील. खर्च ३२,००० रुपये. म्हणजे साधाच स्वस्त! पण तो मध्येच तीनदा बंद पडणार. बदलायला दर खेपेस ८ तास लागले, तर एकूण २४ तास काम अडले. अडलेल्या प्रत्येक तासाचे नुकसान जर ३३३ रुपयांपेक्षा अधिक असेल, तर दणकट पडदा स्वस्त ठरतो. कमी असेल, तर साधा. गळीत हंगामात दिवसरात्र चालणाऱ्या कारखान्यात उत्तर काय येईल, ते तुम्हीच सांगा. शिवाय फेकलेल्या चार पडद्यांच्या कचऱ्याची किंमत या हिशेबात धरलेलीच नाही.

पण त्याच कारखान्याच्या वातानुकूलित नियंत्रण कक्षात दणकट पडदा लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. तेथे साधा पडदा आणि कपाटात एक राखीव नग, ही उत्तम व्यवस्था. पडदा दणकट करण्याऐवजी जागाच सौम्य करता आली, तर ते नेहमीच अधिक शहाणपणाचे. अवकाशाचे उदाहरण पाहा. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये कोलंबिया या अंतराळयानातून ग्रिड कंपास नावाचा मॅग्नेशियमच्या कवचाचा संगणक गेला. पुढे १९९३ च्या डिसेंबरमध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी गेलेल्या एन्डेव्हर यानातून मात्र दुकानात मिळणाऱ्या थिंकपॅड जातीचा संगणक गेला. अवकाशात साधा संगणक कसा चालला? कारण तो यानाच्या आत, माणसे राहतात त्याच हवेत होता. तरीही अशा संगणकांच्या थंड राहण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे नैसर्गिक अभिसरण होत नाही.

तुमच्या शाळेत सूचना दाखवण्यासाठी पडदा घ्यायचा असेल तर? तो वर्गात किंवा आतल्या ओसरीवर लागणार, दिवसाचे पाच-सहा तास चालणार आणि बंद पडला तर फळा आहेच. साधा पडदा घ्यावा, पावसाच्या झडीपासून आणि उन्हापासून दूर बसवावा. उरलेल्या पैशांत प्रयोगशाळेसाठी सूक्ष्मदर्शक येतील. तांडेलाचे मात्र तसे नाही. त्याच्या पडद्याचे अपयश रुपयांत मोजता येत नाही, म्हणून तेथे ३३३ रुपयांचे गणित लागूच पडत नाही. त्याला दणकट पडदा हवाच. आणि तो असला तरी होकायंत्र जवळ हवे. कोणताही पडदा कधीच बंद पडणार नाही, अशी हमी कोणतेही मानक देत नाही.

करून पाहा

१. दोन स्वच्छ काचपट्ट्या एकमेकींवर ठेवा आणि त्यांत दिव्याचे प्रतिबिंब पाहा. मग त्यांच्यामध्ये खोबरेल तेलाचा एक थेंब सोडून पट्ट्या दाबा. (थंडीत तेल गोठले असेल तर कोमट करून घ्या.) तेल पसरले तेथे प्रतिबिंब मंद होईल. तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळचा असल्याने आतल्या सीमा पुसल्या गेल्या!

२. पोलरॉइडच्या गॉगलमधून मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा पाहत गॉगल सावकाश फिरवा. किती अंशांवर पडदा सर्वांत काळा होतो ते नोंदवा. गॉगल लावूनही सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका.

३. मोबाइलच्या पडद्याला कापडी हातमोजा, पातळ प्लॅस्टिकची पिशवी आणि लोकरीचा मोजा घालून आळीपाळीने स्पर्श करा. कोठे बोट ओळखले जाते? धारितेचे सूत्र आठवून कारण द्या.

४. एस.टी. स्थानक, बँक, पेट्रोल पंप, दवाखाना अशा ठिकाणचे पाच पडदे निवडा. प्रत्येकापुढे वहीत चार गोष्टी लिहा : ऊन किती, पाणी व धूळ किती, रोज किती तास चालतो, आणि तो बंद पडला तर कोणाचे काय अडेल. मग सांगा, तेथे दणकट पडदा हवा की साधा. आपली उत्तरे शिक्षकांना दाखवा आणि जेथे मित्राचे उत्तर वेगळे येईल तेथे त्याच्याशी वाद घाला. बहुतेक वेळा तुमचे मतभेद पडद्याविषयी नसून चौथ्या रकान्याविषयी असल्याचे तुम्हाला आढळेल.